इनटेक व्हॉल्व्हवरची काजळी: मॅनिफोल्ड उतरवून ती स्वतः कशी काढायची

सकाळी गार इंजिनाला स्टार्टर मारला की पहिलं अर्धं-पाऊण मिनिट गाडी थरथरायची, मग एकदम शांत व्हायची. दिवसभर पुन्हा काही नाही. एका गॅरेजने कॉइल बदलली, दुसऱ्याने चारही प्लग, तिसऱ्याने इंजेक्टर ‘क्लीन’ करून दिले. थरथर होती तिथेच. शेवटी मोबाइलला जोडायचा साडेपाच मिलिमीटरचा बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा, मागवला आणि आत पाहिलं. दूध उतू जाऊन, करपून पातेल्याच्या कडेला धरावं तशी इनटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिलिंडरात हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या, मानेभोवती काळी, खरबरीत खरपुडी बसली होती. मीटरवर तेव्हा ७८ हजार किलोमीटर होते.

माझी गाडी १.८ लिटरची टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनची. पुढचं सगळं तिच्यावर हात काळे करून शिकलेलं आहे. तुमच्या गाडीत बोल्टची जागा आणि संख्या वेगळी असेल, कामाचा क्रम तोच राहतो.

ही काजळी येते कुठून

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो. पेट्रोलमध्ये डिटर्जंट असतंच, त्यामुळे व्हॉल्व्हला येता-जाता आंघोळ होत राहते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर थेट सिलिंडरात फवारतो आणि व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा थेंबही लागत नाही. तिथून जाते फक्त हवा, आणि हवेबरोबर क्रँककेसमधून (इंजिनाच्या तळाच्या, ऑइल असलेल्या भागातून) ब्रीदरच्या नळीने आलेली ऑइलची वाफ. ही वाफ कायद्याने बाहेर सोडता येत नाही, म्हणून ती पुन्हा इनटेकमध्ये वळवलेली असते. त्यात व्हॉल्व्ह ओव्हरलॅपच्या वेळी, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असताना, मागे सरकणारा थोडा जळका वायू मिसळतो. तापलेल्या व्हॉल्व्हवर ही वाफ बसते, भाजते, तिच्यावर पुढचा थर चढतो.

मित्सुबिशीने १९९६ मध्ये गॅलंटमधून आधुनिक जीडीआय (पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बाजारात आणलं, तेव्हापासून हे दुखणं या तंत्राला चिकटलेलं आहे. टोयोटाने डी-४एस प्रणालीत पोर्टमध्ये एक आणि सिलिंडरात एक असे दोन-दोन इंजेक्टर दिले, त्यामुळे व्हॉल्व्हही धुतला जातो. आपल्याकडच्या टीएसआय, टी-जीडीआय असं लिहिलेल्या बहुतेक छोट्या टर्बो गाड्यांत मात्र इंधन फक्त सिलिंडरात जातं. म्हणजे पंपावर मिळणारी ‘इंजेक्टर क्लीनर’ची बाटली टाकीत ओतून या व्हॉल्व्हवर काही होणार नाही. इंजेक्टरच्या टोकाला ती उपयोगी पडेल, व्हॉल्व्हच्या पाठीपर्यंत पोचायचा तिला रस्ताच नाही.

खोलण्याआधी बघा

काजळीची लक्षणं सांगायला सोपी आहेत: गार असताना मिसिंग, आयडलला धडधड, वरच्या आरपीएमला दम कमी, अ‍ॅव्हरेज थोडं घसरलेलं. अडचण अशी की कॉइल, प्लग, इंजेक्टर किंवा व्हॅक्यूमची गळतीही नेमकी हीच लक्षणं दाखवते. म्हणून आधी ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा. पी ०३०० म्हणजे कुठल्या एका सिलिंडरावर बोट न ठेवता येणारं मिसफायर, पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे एक ते चार यांपैकी त्या नंबरच्या सिलिंडराचं. समजा तीन नंबर दाखवतोय. तीनची कॉइल एकवर आणि एकची तीनवर लावून दोन दिवस चालवा. कोड एकवर सरकला तर कॉइल खराब, पैसे वाचले. हीच अदलाबदल प्लगची करा. कोड तीनवरच ठाण मांडून बसला तर आत डोकवायची वेळ आली.

थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) उतरवून तिथून कॅमेरा सरकवता येतो. पण मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे ती हवा प्रत्येक सिलिंडराकडे वाटणाऱ्या नळ्यांच्या भागात, फ्लॅप असतील तर तो अडतो. मग प्लगच्या भोकातून, टोक वळणारा कॅमेरा घालून, त्या सिलिंडराचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना त्याची पाठ बघायची. नुसता कोरडा, पातळ काळा थर दिसला तर प्लगचं भोक बंद करा आणि गाडी चालवा. तसा थर प्रत्येक गाडीत असतो. दांड्याच्या मानेला दोन-तीन मिलिमीटरची गाठ आणि तिच्यावर तेलकट चकाकी दिसली, तरच पुढचं वाचा.

फवारा, हायड्रोजन, की हात

तीन रस्ते आहेत. पहिला, चालू इंजिनाच्या इनटेकमध्ये क्लीनरचा फवारा मारायचा. ओली, ताजी काजळी यातून थोडी सुटते. भाजून कडक झालेली सुटत नाही, आणि सुटलीच तर तुकड्या-तुकड्यांनी सुटून सिलिंडरातून टर्बोच्या पात्यांकडे जाते. टर्बो नसलेल्या गाडीत, ३०-४० हजार किलोमीटरच्या आत, एक वेळ ठीक.

दुसरा, पेट्या लावून केलं जाणारं हायड्रोजन ‘डीकार्बनायझिंग’. इंजिन आयडलला ठेवून त्या मशिनचा वायू इनटेकमध्ये सोडतात. जळण सिलिंडरात होतं, व्हॉल्व्हच्या पाठीवर नाही. ती गाठ त्या वायूने कशी सुटावी हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. करून घ्यायचंच असेल तर आधी आणि नंतर बोरस्कोपचा फोटो मागा. फोटोचं नाव काढलं की बोलणं कसं बदलतं, ते ऐकण्यासारखं असतं.

तिसरा रस्ता, मॅनिफोल्ड उतरवून हाताने घासणं, किंवा अक्रोडाच्या टरफलाच्या बारीक कणांचा मारा करणं. वेळ जातो, पाठ दुखते आणि काजळी खरोखर निघते. या लेखात तोच आहे.

जमवाजमव

रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, युनिव्हर्सल जॉइंट, ८-१०-१३ चे सॉकेट, टॉर्क्स बिट, टॉर्क रेंच. बारीक लवचिक मॅग्नेट नक्की घ्या. पितळी आणि नायलॉनचे लांब दांड्याचे ब्रश, दाताच्या डॉक्टरकडे असतात तसे वाकडे आकडे, बांबूच्या तासलेल्या काड्या. थ्रॉटल बॉडी किंवा कार्ब क्लीनरचे चार-पाच कॅन, ६० मिलिलिटरची सिरिंज आणि तिला बसेल अशी बारीक नळी. नवं मॅनिफोल्ड गॅसकेट आधी हातात घ्या, मगच बोल्टला पाना लावा. नायट्राइल हातमोजे, गॉगल, वाफेला चालणारा मास्क.

आणि जागा. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. क्लीनरची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि पलीकडे कुणी ग्रिलला वेल्डिंग करत असेल तर विचारायलाच नको. उघड्यावर, सावलीत, वारा खेळता असेल अशी जागा हवी. दोन दिवस गाडी हलणार नाही असं घरात आधी सांगून ठेवा.

मॅनिफोल्ड उतरवणं

इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर उभं असलेलं उत्तम. फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करायचं आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. हे काम आदल्या रात्री उरकून टाका. चालू इंजिनात हाय प्रेशर रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, दाब १५०-२०० बारपर्यंत, नव्या इंजिनांत त्याहूनही वर जाऊ शकतो. एवढ्या दाबाची धार कातडी फोडून आत शिरते. म्हणून दाब उतरवल्यावरसुद्धा नट सैल करताना भोवती जाड फडकं गुंडाळा आणि तोंड बाजूला ठेवा. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

आता प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक पाइप काढण्याआधी फोटो. मी कागदी टेपवर नंबर लिहून जोडीच्या दोन्ही टोकांना चिकटवतो. बोल्ट काढले की पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डचं चित्र काढून ज्या त्या जागी खोचून ठेवायचे, कारण लांबी सारखी नसते. इंटरकूलरचा पाइप, थ्रॉटल बॉडी, सेन्सर, ब्रीदरची नळी, खालचा आधाराचा ब्रॅकेट. हा ब्रॅकेट खालून असतो, दिसत नाही, आणि सगळे बोल्ट काढूनही मॅनिफोल्ड हलत नसेल तर बहुधा तोच धरून बसलेला असतो. पहार लावून ओढू नका.

काही इंजिनांत फ्यूएल रेल मॅनिफोल्डलाच जोडलेली असते. मॅनिफोल्ड ओढला की एखाद-दुसरा इंजेक्टर त्याच्याबरोबर बाहेर येतो. माझे दोन आले. बाहेर आलेल्या इंजेक्टरच्या टोकाचं टेफ्लॉन सील पुन्हा वापरायचं नसतं, नवं घालावं लागतं. ते चढवायला निमुळती कोन आणि दाबून मापात आणायला स्लीव्ह लागते. ही सोय आधीच करून ठेवा, नाहीतर शनिवारी दुपारी गाडी उघडी पडून राहील.

मॅनिफोल्ड निघाला त्या क्षणी चारही पोर्टमध्ये स्वच्छ फडक्याचे बोळे घाला. फेंडरवर टेप लावून त्यावर मोठ्या अक्षरात आकडा लिहा: आत ४. हा आकडा मी त्या दिवशी लिहिला नव्हता. सगळं जोडून झाल्यावर टेबलावर बोळे मोजले तर तीन. पुन्हा सगळं उतरवलं, चौथा दोन नंबरच्या पोर्टमध्ये निवांत बसलेला.

व्हॉल्व्ह बंद आहे ना?

या कामात सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायचं. ज्या पोर्टमध्ये क्लीनर ओतणार, त्याचे दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बसलेले हवेत. अर्धा उघडा राहिला तर काजळीचे खडे सिलिंडरात पडतील आणि क्लीनर पिस्टनवर साचेल.

चारही प्लग काढा, इंजिन हाताने हलकं फिरतं. क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून फिरवायचं, बहुतेक इंजिनांत पुलीकडून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलटं कधीच नाही. काही टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर ताठ राहतो. इंजिन बंद असताना उलटं फिरवलं तर चेन दात सोडू शकते, आणि मग हा लेख बाजूला ठेवून हेड उतरवण्याचा लेख शोधावा लागेल.

प्रत्येक सिलिंडरासाठी वेगळं फिरवायची गरज नाही. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे हवा दाबत पिस्टन अगदी वर पोचतो तिथे, आणला, की त्याचे व्हॉल्व्ह बंद असतात. त्याच वेळी दोन नंबर पॉवर स्ट्रोकच्या शेवटाला असतो, म्हणजे त्याचेही इनटेक बंद. आधी एक आणि दोन साफ करा. मग क्रँकचा बरोबर एक पूर्ण फेरा द्या. आता चार नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर येतो आणि तीन पॉवरच्या शेवटाला. दोन मुक्कामांत चारही उरकतात.

तरीही हिशोबावर विसंबू नका. टॉर्च मारून व्हॉल्व्हची कड सीटला टेकलेली दिसते का बघा. मग सिरिंजने थोडा क्लीनर सोडा आणि पाच मिनिटं थांबा. पातळी तशीच राहिली तर बंद. हळूहळू ओसरत असेल तर कडेला खडा अडकलेला असू शकतो. तो आकड्याने काढून पुन्हा बघा.

घासणं

आधी कोरडं. पोर्टच्या भिंतीवरचा जाड थर बांबूच्या काडीने आणि आकड्याने खरवडा. खपल्या निघतात, काही तुरीच्या डाळीएवढ्या. त्या व्हॅक्यूमने ओढा. व्हॅक्यूम फक्त याच टप्प्यावर. एकदा क्लीनर आत गेला की त्याची वाफ घरगुती व्हॅक्यूमच्या मोटरमधून ओढणं म्हणजे ठिणगीला आमंत्रण. पुढचं सगळं सिरिंज, नळी आणि फडक्याने.

पोर्टमध्ये व्हॉल्व्हची पाठ बुडेल इतकाच क्लीनर भरा. अर्धा तास सोडा. चहा घ्या. परत येऊन ब्रश फिरवा, आकड्याने मानेभोवतीची गाठ सोडवा, काळं पाणी सिरिंजने ओढून घ्या, फडक्याने पुसा. पुन्हा भरा. माझ्या पहिल्या सिलिंडराला अशा पाच फेऱ्या लागल्या आणि तीन तास गेले. चौथा पाऊण तासात झाला, तोवर हाताला वळण पडलं होतं. फारच कडक असेल तर क्लीनर रात्रभर भिजू द्या.

दांड्याच्या मागची बाजू दिसत नाही, तिथे हात चुकतो. छोटा आरसा किंवा बोरस्कोप लावून बघत राहा. धातूचा भुरकट रंग दिसला की थांबा. आरशासारखी चकाकी आणायची नाहीये. ड्रिलला स्टीलचा वायर ब्रश लावू नका, त्याच्या तारा तुटून पडतात, आणि एक तार सिलिंडरात गेली तर भिंतीवर ओरखडा काढते. व्हॉल्व्हचा दांडा जिथे गाइडमध्ये शिरतो तिथे आकडा खुपसू नका, वरच्या बाजूला ऑइल सील असतं.

अक्रोडाचा मारा

ज्यांच्याकडे मोठा कॉम्प्रेसर आहे त्यांच्यासाठी. बीएमडब्ल्यूच्या इंजिनांमुळे ही पद्धत जगभर नावाजली. अक्रोडाच्या टरफलाचे साधारण अर्धा ते एक मिलिमीटरचे कण ८० ते १०० पीएसआय दाबाने मारले की काजळी उडते, पण व्हॉल्व्ह आणि अॅल्युमिनियमला धक्का लागत नाही, कारण टरफल धातूपेक्षा मऊ असतं. वाळू किंवा काचेचे मणी कधीही वापरू नका. एक कण जरी आत राहिला तरी रिंगा खातो.

पोर्टच्या तोंडावर बसेल असा अडॅप्टर लागतो. एका बाजूने नोझल, दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूमचा पाइप. त्यासाठी पोर्ट आणि व्हॅक्यूम दोन्ही ठणठणीत कोरडे हवेत. आधी क्लीनर मारला असेल तर तो पूर्ण उडून जाईपर्यंत थांबा. पाच-सात सेकंद मारा, थांबा, बघा. नोझल एका जागी धरून ठेवू नका. घरगुती २४ लिटरचा कॉम्प्रेसर दोन मिनिटांत धापा टाकतो, त्यामुळे एक सिलिंडर दिवसभर चालेल. पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, हवेच्या लाइनला पाणी धरणारा फिल्टर नसेल तर कण ओले होऊन नोझलमध्ये लापशी होते.

संपल्यावर हवेने पोर्ट झटका, प्रत्येक कोपरा पुसा, टॉर्च मारा. मगच क्रँक पुढे फिरवा.

डिझेलवाल्यांसाठी थोडं

डिझेलमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे ईजीआरमधून (जळका वायू पुन्हा इनटेकमध्ये आणणाऱ्या वाटेतून) येणारी काजळी आणि ब्रीदरचं ऑइल एकत्र होऊन डांबरासारखा लगदा होतो, आणि तो व्हॉल्व्हपेक्षा मॅनिफोल्डमध्ये जास्त साचतो. एक रुपयाचं नाणं जेमतेम जाईल एवढंच भोक उरलेले मॅनिफोल्ड मी पाहिलेत. मॅनिफोल्ड उतरवा, आधी चमच्याने लगदा काढा, मग डिझेलमध्ये किंवा डीग्रीझरमध्ये भिजवा. अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड कॉस्टिकच्या टाकीत टाकू देऊ नका, कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं. ईजीआर व्हॉल्व्ह त्याच दिवशी साफ करा. तो अर्धवट उघडा अडकत असेल तर मॅनिफोल्ड लवकरच पुन्हा भरेल.

जोडणी आणि पहिला स्टार्ट

मॅनिफोल्डही धुऊन वाळवा. प्लास्टिकचा असेल तर गरम पाणी आणि डीग्रीझर पुरे. फ्लॅप हाताने हलवून अडकत नाहीत ना बघा. हेडची बसायची जागा ब्लेडने नव्हे, प्लास्टिकच्या पट्टीने साफ करा.

प्लग न लावता इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. सिलिंडरात क्लीनर साचला असेल तर तो प्लगच्या भोकातून बाहेर येईल. प्लग लावलेल्या इंजिनात तोच क्लीनर पिस्टनला अडवतो आणि कनेक्टिंग रॉड वाकवू शकतो, कारण द्रव दाबला जात नाही. मग बोरस्कोपने पिस्टनच्या डोक्यावर खडे नाहीत ना ते पाहा.

फेंडरवरच्या आकड्याशी बोळे जुळवा. नवं गॅसकेट, बोल्ट आधी सगळे हाताने, मग मधून बाहेर या क्रमाने आवळा. मॅनिफोल्डचे एम६ बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन-मीटरवर बसतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. अॅल्युमिनियमच्या हेडात आटा गेला तर हेलिकॉइल (नव्या आट्याची स्प्रिंगसारखी तार) बसवेपर्यंत गाडी उभी. हाय प्रेशर पाइप एकदा सोडला की नवाच लावायचा असं काही कंपन्या सांगतात, तेही मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

बॅटरी जोडा, पंपाचा फ्यूज लावा. इग्निशन दोन-तीनदा नुसतं ऑन-ऑफ करा म्हणजे लाइन भरते. रेलच्या प्रत्येक जोडावर कोरडं बोट फिरवा, ओल आहे का बघा. मग स्टार्ट. पहिली एक-दोन मिनिटं पांढुरका धूर येईल, वास येईल, आयडल वर-खाली होईल. स्कॅनरने जुने कोड पुसा, थ्रॉटलचं अॅडाप्टेशन करा, म्हणजे त्याची नवी स्थिती स्कॅनरने कॉम्प्युटरला शिकवा. इंजिन गरम झाल्यावर रेल आणि मॅनिफोल्डच्या कडा पुन्हा एकदा तपासा.

ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. थोडा क्लीनर रिंगांवरून खाली उतरलेला असतो, तो ऑइल पातळ करतो.

पुन्हा लवकर साचू नये म्हणून

पूर्ण थांबवता येत नाही, वेग कमी करता येतो. ब्रीदरच्या वाफेचा ओघ आवरणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा पडदा फाटला असेल तर तो बदलल्याशिवाय ही सगळी मेहनत वाया जाते. चालू इंजिनात ऑइल भरायचं झाकण उघडताना फार जोराने ओढलं जात असेल किंवा शिट्टी वाजत असेल, तर संशय घ्या. ऑइल कंपनीने सांगितलेल्या स्पेसिफिकेशनचंच, आणि शहरात रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर सांगितलेल्या मुदतीच्या आधी बदललेलं बरं. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं गरमच होत नाही, पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्ये राहतं, वाफ वाढते. महिन्यातून एकदा घाटात किंवा एक्सप्रेसवेला गरम इंजिन चांगलं ओढून चालवलेलं चांगलं. त्याने जुनी गाठ निघत नाही, नवी जरा सावकाश बसते.

ऑइल कॅच कॅनबद्दल, म्हणजे ब्रीदरच्या वाफेतलं ऑइल वाटेतच धरणाऱ्या डब्याबद्दल, बरेच जण विचारतात. चांगल्या आडव्या पडद्यांचा असेल तर ऑइल धरतो, पण तो वेळेवर रिकामा करावा लागतो, आणि वॉरंटीतल्या गाडीला लावला तर पुढचा क्लेम अवघड होऊ शकतो. मी लावलेला नाही.

आतल्या चारही व्हॉल्व्हच्या जोड्यांचे फोटो त्या दिवशीच्या किलोमीटरसकट फोनमध्ये एका फोल्डरला ठेवलेत. त्यानंतर २२ हजारांवर प्लग बदलताना पुन्हा कॅमेरा घातला: दांड्यावर तपकिरी पापुद्रा, मान अजून मोकळी. सकाळची थरथर परत आलेली नाही.